मडावीला तळघरात मी पाठवलं

चैतराम मडावी तळघराचं दार उघडण्याआधी त्यावर तीनदा थाप मारायचा. आत माणूस नसे, नुसती पुस्तकं असत. पण ही रानातल्या माणसाची सवय. आत साप असो, उंदीर असो, आणखी कोणी असो, त्याला बाजूला व्हायला वेळ द्यायचा. "आपुन त्याच्या घरात जाऊन राहिलो न जी," असं तो म्हणायचा. मग खांद्याने दार ढकलायचा, कारण ओल धरून लाकूड फुगलेलं असे.

मडावी आमच्या कार्यालयात दफ्तरी होता, जुनी कागदपत्रं लावणारा आणि काढून देणारा. लोकांनी निवडून दिलेले सभासद जिथे बसून कायदे करतात, त्या इमारतीचं कामकाज आमचं कार्यालय पाहायचं. मी तिथे कक्ष अधिकारी होतो. इमारत कुठली, वरचे साहेब कोण, हे मी लिहिणार नाही. मला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायचं नाही. जे लिहायचं आहे ते माझ्या हातून झालेलं आहे, आणि ते लिहून ठेवल्याशिवाय मला आता झोप लागत नाही.

मी तिरोड्याचा, तो दरेकशाजवळच्या एका टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा. इतक्या लांबच्या शहरात, इतक्या मोठ्या इमारतीत एका जिल्ह्याची दोन माणसं म्हणजे नातेवाईकच. दुपारी मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. गावाहून येताना तो चारोळी आणायचा, रुमालात बांधून, आणि माझ्या टेबलाच्या खणात गुपचूप ठेवून जायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. हे मला त्याच्या सेवापुस्तकातून कळलं होतं, पण माझ्या तोंडचं 'तू' बदललं नाही.

शाळा सातवीपर्यंत झालेली. मराठी वाचायचा, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश. पण त्या तळघरात त्याला वाचावं लागत नसे. सभागृहात कोण काय बोललं ते शब्दन् शब्द छापलेले खंड तिथे भिंतीभर लावलेले होते, कित्येक वर्षांचे. प्रत्येकाची जागा मडावीच्या अंगात होती. दिवे गेलेले असताना त्याने मला अंधारातून खंड आणून दिलेला आहे. खंडांना त्याने नावंही ठेवली होती. एक होता पोटफुग्या. "त्या साली लय भांडले साहेब, पाहा कसा फुगला." एका अधिवेशनाचा खंड अगदी बारीक होता, त्याला तो उपाशी म्हणायचा. परत आलेला खंड कोणी भलत्या जागी ठेवला तर मात्र त्याचं तोंड उतरायचं. एकदा मीच ठेवला होता. तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुस्तक जागेवर नसलं तं ते हरवल्यातच जमा आहे जी. मानूस गावात आहे अन् घरी नाही, तसं."

या खंडांना कसर लागायची. म्हणून वर्षातून एकदा तळघराला धुरी द्यायचे. कवटीचं चित्र असलेल्या डब्यातलं औषध पसरट ताटल्यांत ओतायचं, ताटल्या ठिकठिकाणी ठेवायच्या, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या आणि सात दिवस आत जायचं नाही. मग दार उघडून दोन दिवस वारं खेळू द्यायचं. असा नियम डब्यावर छापलेला होता. ते औषध मंजूर होऊन यायचं मात्र नेमकं अधिवेशनाच्या तोंडावर. आणि अधिवेशन चालू असताना एखादा सभासद उभा राहून म्हणायचा, अमक्या साली याच सभागृहात मंत्र्यांनी काय आश्वासन दिलं होतं, ते मी वाचून दाखवतो. लगेच वरून चिठ्ठी यायची. खंड दहा मिनिटांत पाहिजे. सात दिवस थांबा, असं सभागृहाला कोण सांगणार?

त्यावर मडावीने आपला उपाय काढला होता. त्याच्या टोल्याजवळ एक बोडी होती, छोटं तळं. लहानपणी तो बुडी मारून तिच्या तळाची कमळाची मुळं उपटून आणायचा. तसाच तो तळघरात जायचा. बाहेर उभा राहून दोन-तीनदा छाती भरून घ्यायची, दारावर थाप मारायची, पट्टी फाडायची आणि तोंड मिटून आत. नाकाला रुमालही नाही. "रुमालानं मानसाले वाटते का आपुन श्वास घेऊ शकतो. न बांधलेला बरा." दीड मिनिटात खंड काखेत घेऊन वर. वर आला की पायऱ्यांवर बसून हसायचा, डोळ्यांतून पाणी गळत असायचं.

आम्हाला त्याचं कौतुक होतं. खरं ते असं की आम्ही चहाच्या पैजा लावायचो. मी मनगटावरचं घड्याळ बघून सेकंद मोजायचो. "एक मिनिट अडतीस, मडावी, मागच्या वेळेपेक्षा जास्त लागले." "म्हातारा होऊन राहिलो जी." हळूहळू सगळं कार्यालय धरूनच चालू लागलं की धुरीच्या दिवसांतही तळघर चालू असतं. नवीन आलेल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, आत विष असताना खंड कसे काढता? मीच अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे मडावी आहे." एका माणसाची छाती म्हणजे आमची सगळी व्यवस्था, हे तेव्हा मला दिसलं नाही. त्यालाही दिसलं नाही. त्याला वाटायचं, आपल्याला येतं म्हणून आपण करतो.

एकदाच त्याने मला अडचणीचा प्रश्न विचारला. माझ्या मुलीच्या लग्नाला तो तिरोड्याला आला होता. हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वीज केंद्राच्या रस्त्याने चाललो होतो. पाळी बदलायची वेळ होती. कामगार रांगेने आत जात होते, प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी टोपी, पायात जाड बूट. एकाने टोपी हातात धरली होती, त्याला फाटकावरच्या माणसाने अडवलं. तो चिडून म्हणाला, "अबे, पहन रहा हूँ ना." आणि टोपी घातल्यावरच त्याला आत सोडलं.

मडावी थांबून बघत राहिला.

"साहेब, हे टोपीचं कोन ठरवलं?"

"कायदा आहे. कामाच्या जागी माणसाला इजा होऊ नये म्हणून."

"कुठं झाला?"

"असे कायदे आपल्याच इथे होतात. काही दिल्लीत, काही आपल्याकडे."

"त्या दिवशीचं पुस्तक असन मंग खाली."

"असेल ना."

तो थोडं चालला. "मंग आपल्याले काऊन नाही?"

मी हसलो. म्हणालो, "हा कायदा कारखान्याला असतो, खाणीला असतो. आपलं कार्यालय आहे. आणि त्यातही सभागृहाचं आवार. तिथं बाहेरचा कोणी येऊन तपासणी करू शकत नाही, सगळं अध्यक्षांच्या हाती."

"म्हंजे स्वयंपाक आपुन करतो अन् आपल्याच ताटात नाही," तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. लग्नघरी पोचलो तेव्हा मी ते विसरलो होतो.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो पुढच्या वर्षीचा. त्या दिवसाची तारीख मला पाठ आहे, पण ती लिहून काय होणार. आदल्याच संध्याकाळी धुरी दिली होती, म्हणजे औषध अगदी ताजं. सभागृहात कारखाना निरीक्षकांची पदं रिकामी का, यावर चर्चा चालू होती. एका सभासदांना जुन्या चर्चेतला उतारा पाहिजे होता. चिठ्ठी माझ्याकडे आली. सूचीतून खंडाचा क्रमांक काढून कागदावर लिहून मडावीला देणं, हे माझं काम.

मडावी म्हणाला, "साहेब, कालच लावलं. आज लय तेज असन."

मी म्हणालो, "दहा मिनिटांत पाहिजे. तुला कितीसा वेळ लागतो? जा." हे माझे शब्द. तिथे आम्ही दोघंच होतो, म्हणून याला दुसरा साक्षीदार नाही.

तो गेला आणि खंड घेऊन आला. मी पान उघडलं. उतारा त्यात नव्हता. मी सूची पुन्हा पाहिली. सभागृहं दोन. दोन्हींचे खंड वेगळे, पण क्रमांक सारखेच, तळघरात समोरासमोरच्या भिंतींना लावलेले. मी नुसता क्रमांक लिहिला होता. कोणत्या सभागृहाचा, ते लिहायचं राहिलं होतं. चोवीस वर्षांच्या नोकरीत ही चूक मी कधी केली नव्हती.

मडावी पायऱ्यांवर बसला होता. त्याचा दम अजून खाली बसला नव्हता. मी कागदावर सभागृहाचं ते एक अक्षर लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं. "समोरच्या भिंतीचा रे. चूक झाली. पटकन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो उठला, दारावर थाप मारली आणि आत गेला.

मी त्या दिवशी घड्याळ पाहिलं नाही. वरून पुन्हा विचारणा आली तेव्हा मला जाणवलं की बराच वेळ झाला आहे. मी दारापाशी गेलो आणि हाक मारली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आत जायची माझी हिंमत झाली नाही. मी धावत वर गेलो आणि दोन पहारेकऱ्यांना घेऊन आलो. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. खंड त्याच्या हातात होता. मी तो घेतला आणि वर पाठवला. हेही लिहिलं पाहिजे. आधी मी खंड वर पाठवला, मग रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? तोवर वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता, की अधिवेशन चालू आहे, आवारात वार्ताहर आहेत, सांभाळून बोला. सांभाळून बोला, एवढंच. खोटं बोला, असं कोणी म्हणालं नव्हतं. मी डॉक्टरांना सांगितलं, "जिन्यात चक्कर येऊन पडला." त्यांनी त्याचं हृदय तपासलं, साखर तपासली. अर्धा दिवस त्यात गेला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मडावीने स्वतः सांगितलं तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले, "हे आधी का नाही सांगितलं? फुप्फुसं आतून भाजली आहेत त्यांची." तो वाचला. पण त्यानंतर जिन्याची एक रांग चढली की त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागायचं.

आठवड्याने माझ्याकडून अहवाल मागवला. मी टिपणी लिहिली. तिची वाक्यं मला तोंडपाठ आहेत. "सदर कर्मचारी कोणाच्याही सूचनेशिवाय स्वतःहून अभिलेख कक्षात गेला. कामगार सुरक्षाविषयक अधिनियम या आवारास लागू नाहीत. सबब, पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, आणि त्याच्या आधाराने पहिलं खोटं वाक्यही उभं राहिलं. मला बढती जवळ आली होती. मला भीती वाटली. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मडावी दोन महिन्यांनी कामावर आला तो पुन्हा त्याच तळघरात. आता इथली आमची एक रीत सांगतो. ज्या फायलीचं काम संपलं ती तळघरात जाते, आणि ती तिथे लावायची कोणी, तर दफ्तऱ्याने. माझी टिपणी असलेली फाइल बंद झाली आणि गठ्ठ्यातून मडावीच्याच हाती पडली. त्याने ती ओळीखाली बोट फिरवत वाचली असणार. संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, तुमचं अक्षर लय बेस आहे. अडलं नाही कुठं."

मी मान खाली घातली. मला वाटलं तो आता भांडेल, रडेल. तो म्हणाला, "लावली जी फाइल. क्रमानं लावली." आणि गेला. त्या दिवसापासून माझ्या खणात चारोळी आली नाही.

त्यानंतर त्याने अर्ज केले. पहिला, फाइलमधला 'स्वतःहून' हा शब्द काढावा म्हणून. दुसरा, तळघराला बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा आणि सात दिवस कोणालाही आत धाडू नये म्हणून. तिसऱ्यात त्याने स्वतःसाठी काही मागितलं, की मला तळमजल्यावर काम द्यावं, तळघराचे जिने होत नाहीत. तिन्ही अर्ज माझ्या टेबलावर आले. शब्द काढला तर सूचना कोणी दिली असा प्रश्न आला असता. पंखा लावला तर आधी का नव्हता, हा. मी तिन्हींवर लिहिलं, "दफ्तरी दाखल." आपले अर्ज त्याने आपल्याच हाताने खाली नेऊन लावले.

शेवटी त्याने बाहेरच्या कामगार कार्यालयाला पत्र लिहिलं. तिथून एक तरुण निरीक्षक आला. त्याला फाटकावर थांबवलं, आणि समजावून परत पाठवायला मलाच खाली धाडलं.

मी म्हणालो, "तुमचा कायदा इथं लागू नाही."

"मग इथं कोणाचा आहे?"

"आवार अध्यक्षांच्या अखत्यारीत आहे."

"बरोबर. त्यांचे काही नियम असतील ना? धुरीचे, विषारी औषधाचे?"

"नाहीत."

"म्हणजे इथं माणूस पडला तर विचारायला कोणी नाही?"

"परवानगीसाठी लेखी अर्ज करा," मी म्हणालो. त्याने केला असेल. माझ्या टेबलावर आला नाही. मी परत वळलो तेव्हा मडावी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. एवढं अंतर चालून तो आला होता आणि निरीक्षक रस्ता ओलांडून गेलेला त्याने पाहिला. मला म्हणाला, "त्याले चहा तरी पाजायचा होता जी. उन्हातून आला होता."

तो निवृत्त झाला, पाठोपाठ मी. मी तिरोड्याला घर बांधलं. दरेकसा तिथून फार लांब नाही, गोंदियाला गाडी बदलली की झालं. तरी तिकडे जायला मला बारा वर्षं लागली. गेल्या साली गोंदियाच्या बाजारात त्याचा एक गाववाला भेटला आणि म्हणाला, मडावी खाटेवरच असतो, फार दिवसांचा नाही. मग मी गेलो.

तो अंगणात खाटेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. आडवं झालं की श्वास अडतो म्हणून तो बसूनच झोपायचा, असं त्याची बायको फुलनबाई म्हणाली. मला बघून त्याला आनंद झाला. ते मला सोसवलं नाही.

"कसे आहात तुम्ही?" मी विचारलं.

"आता कायले तुमी म्हणता जी?" तो हसला आणि त्याला खोकला आला.

मी लिहून आणलेलं पत्र खिशातून काढलं. कार्यालयाला लिहिलेलं, माझ्या सहीचं. आत पाठवलं मी, क्रमांक चुकीचा दिला मी, दवाखान्यात खोटं सांगितलं मी. मी ते वाचून दाखवलं. मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं केलं आहे. मडावी ऐकत होता, पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं.

"माहं राहू द्या साहेब. पटलेचं लिवा त्यात."

"कोण पटले?"

"माह्या जागी आला तो. चाळीस-बेचाळीसचा असन. दोन लेकी आहेत. तो अजून जाते आत. धुरी लागली असली तरी जाते."

"तो का जातो?"

मडावीने बराच वेळ दम घेतला. "म्याच शिकवलं न जी. जाता जाता चार्ज देल्ला त्याले. म्हनलं, दारावर थाप मार, छाती भर, तोंड मिट अन् जाय. जाऊच नको, असं नाही म्हनलं. मले वाटलं, कामच शिकवून राहिलो मी."

फुलनबाई म्हणाली, "दिवसभर तेच बोलते. त्याले फोन करते अन् बोलताच येत नाही. खोकलाच ऐकू जाते तिकडं."

मी तिथेच बसून पटलेबद्दल लिहिलं. मडावी सांगत होता तसं, एकेक मुद्दा. मजकूर संपल्यावर त्याने पत्र हातात घेतलं, बोट फिरवून वाचलं आणि म्हणाला, "नवा कायदा आला म्हनतात. सारे जुने एक करून. त्यात तरी असन का आपुन?" मी तो वर्तमानपत्रात वाचला होता. सरकारी कार्यालयं त्यातून वगळलेली होती. मी ते सांगितलं. त्याने मान हलवली. पत्र मी त्याच दिवशी सालेकशाहून रजिस्टर केलं.

उत्तर यायला चार महिने लागले. छापील कागद, खाली कोणा अनोळखी अधिकाऱ्याची सही. मजकूर तीन ओळींचा. प्रकरण जुनं असून त्यावर यापूर्वीच निर्णय झालेला आहे. कामगार सुरक्षाविषयक अधिनियम या आवारास लागू नाहीत. सबब, पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही. त्या माणसाने जुनी फाइल काढली होती आणि पूर्वीचा दाखला म्हणून माझीच वाक्यं उतरून घेतली होती. त्याला दोष कसा देऊ? मीही आयुष्यभर तेच केलं.

तो कागद घेऊन मी पुन्हा दरेकशाला गेलो. दुपारची वेळ होती. मडावी तसाच बसला होता, पण आता त्याचा गळा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मी ठरवलं होतं की उत्तर आलंच नाही असं सांगायचं. त्याने हात पुढे केला आणि माझ्याने ते सांगवलं नाही. मी कागद दिला. त्याने वाचला.

"हे तुमचंच होय न जी?" एवढंच म्हणाला.

"हो."

त्याने फुलनबाईला खूण केली. तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला. तिकडून लगेच आवाज आला. "हां, मडावीदादा, बोला न. तब्येत कशी आहे?"

मडावीने तोंड उघडलं. शब्द आला नाही, खोकला आला. तो थांबता थांबेना.

"दादा, आराम करा तुमी. अधिवेशन चालू आहे, मी नंतर करतो. खालून पुस्तक काढा लागते."

मी फोन उचलला. "पटले, मी रहांगडाले. तिथं कक्ष अधिकारी होतो."

"नमस्कार साहेब. नाव आयकून आहो तुमचं."

"धुरी लागली आहे का?"

"परवाच लागली जी."

"मग जाऊ नका आत. कोणी कितीही सांगितलं तरी जाऊ नका. ते विष आहे. दादाचं हे त्याच्यानेच झालं."

पटलेने ऐकून घेतलं. मग अगदी नरमाईने म्हणाला, "समजते साहेब. लेकिन वर काय सांगू? कोनता नियम आहे, तो सांगा. तुमी लेखी देता का काही?"

माझ्यासमोर खाटेवर लेखी होतं, तो तीन ओळींचा कागद. मला एकही नियम आठवेना, कारण तो नव्हताच.

"साहेब?" पटले म्हणाला. "ठीक आहे जी. दादाले सांभाळा. मी दोन मिन्टात जाऊन येतो." फोन बंद झाला.

मडावीचा खोकला थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने बोटाने फोन दाखवला, पुन्हा लावा. मी लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. त्याने पुन्हा बोट दाखवलं. मी पुन्हा लावला. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. फुलनबाई म्हणाली, "साहेब, तुमची गाडी निंघून जाईन." मी उठलो. फोन तिने त्याच्या हातात दिला.

वळणावरून मी मागे पाहिलं. तो तसाच वाकून बसला होता, फोन कानाशी न नेता समोर तळहातावर धरून त्याकडे बघत, आणि दुसऱ्या हाताचं बोट सावकाश त्याच्यावर दाबत होता.